घरचा संगणक आणि त्याचा पहारेकरी

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूर येण्याच्या थोडे अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. तामिळनाडू शासनाच्या ‘सिपकॉट’ या महामंडळाने येथे औद्योगिक वसाहत वसविली आणि १९९८ पासून येथील ह्युंदाई कंपनीच्या कारखान्यातून मोटारगाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आले. डेल कंपनीने २००७ मध्ये श्रीपेरुंबुदूर येथे संगणकांची जुळणी सुरू केली. अशा रीतीने मोटार आणि संगणक ही मध्यमवर्गीय घराला हवीहवीशी वाटणारी दोन यंत्रे एकाच रस्त्याच्या आसपास तयार होऊ लागली.

या दोन यंत्रांमध्ये एक महत्त्वाचा फरक होता. मोटार कारखान्याच्या फाटकाबाहेर येते तेव्हा तिच्या दारांना कुलपे असतात. ती गिऱ्हाइकाने बाजारातून वेगळी विकत आणावीत, असे कोणी म्हणणार नाही. घरगुती संगणक मात्र पहिली पंचवीस-तीस वर्षे जवळजवळ उघड्या दारांनीच घरोघर पोचला. त्याला कुलूप बसविण्याचा व्यवसाय वेगळ्याच लोकांनी उभारला, आणि त्या कुलपांची एक मोठी बाजारपेठच निर्माण झाली. आज परिस्थिती पालटली आहे. बहुतेक नव्या संगणकांत कुलूप आधीच बसविलेले असते. तरीही बाजारपेठ टिकून आहे, आणि संगणक विकत घेणाऱ्या कुटुंबापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो : पहारेकरी नेमावा का, आणि नेमावयाचा तर कोणता?

हेर कोणाला म्हणावे?

संगणकाच्या मालकाला न कळू देता, किंवा त्याची दिशाभूल करून संमती मिळवून, त्याच्याविषयीची माहिती गोळा करणारी आणि ती बाहेर पाठविणारी आज्ञावली म्हणजे ‘स्पायवेअर’. तिला हेर-आज्ञावली म्हणता येईल. विषाणू-आज्ञावली, म्हणजे ‘व्हायरस’, आणि हेर यांच्या स्वभावांत भेद आहे. जुना विषाणू गडबड करीत असे. तो धारिका पुसून टाकी, पडद्यावर विचित्र अक्षरे उमटवी, आणि त्यामुळे लवकर ओळखू येई. हेराचे यश त्याच्या शांततेत असते. संगणक नीट चालत राहावा, मालकाला संशय येऊ नये, यातच त्याचे हित असते.

या हेरांचे काही प्रकार सर्वसाधारण वाचकाने ओळखून असावेत. पहिला प्रकार जाहिरातबाजांचा. आपण कोणती संकेतस्थळे पाहतो याची नोंद तो ठेवतो आणि ती जाहिरातदारांना विकतो. दुसरा कळफलकाची टेहळणी करणारा. टंकलेली प्रत्येक कळ, म्हणजेच पत्रे आणि पासवर्डही, तो टिपून घेतो. तिसरा दूरनियंत्रकाचा, त्याच्या साहाय्याने दुसऱ्या शहरातील माणूस आपल्या संगणकाचा पडदा पाहू शकतो, धारिका उचलू शकतो, प्रसंगी कॅमेराही सुरू करू शकतो. चौथा प्रकार आज सर्वांत घातक ठरला आहे. तो ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड आणि बँकेच्या किंवा टपालाच्या खात्यात आपण शिरलो आहोत हे सांगणाऱ्या ओळखखुणा काही सेकंदांत गोळा करतो आणि निघून जातो. ‘लुम्मा’ नावाच्या अशाच एका चोर-आज्ञावलीविरुद्ध मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने आणि अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी कारवाई केली. त्या आधीच्या दोन महिन्यांत जगभरातील ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांत ती आढळली होती.

पाचवा प्रकार सर्वांत दुःखद होय. तो परका नसतो. घरातील किंवा निकटच्या नात्यातील कोणीतरी पाळत ठेवण्यासाठी तो मुद्दाम बसविलेला असतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

विषाणूकडून हेराकडे

भारतीय संगणकांचा या संकटाशी परिचय जुना आहे. १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू लवचीक चकत्यांवरून जगभर पसरला. १९९० च्या जून महिन्यात भारतात एक विषाणू सापडला. त्याला ‘जोशी’ हे नाव मिळाले. दर वर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी, आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ अशी अक्षरे टंकल्याखेरीज पुढे काम करू देत नसे. त्या काळच्या खोडकरपणाचा हा नमुना होय. यात कोणाची चोरी होत नव्हती. फक्त खोळंबा होत असे.

महाजालाच्या प्रसाराबरोबर खोडीची जागा व्यापाराने घेतली. विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक उपयुक्त आज्ञावल्या फुकट वाटल्या जाऊ लागल्या. त्यांच्या पोटात जाहिराती दाखविणारे आणि नोंदी ठेवणारे भाग दडवलेले असत. २००० साली अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन यांनी आपल्या संगणकात असाच एक भाग आढळल्यावर तो काढून टाकणारे ‘ऑप्टआउट’ हे साधन तयार केले. पाठोपाठ ‘अ‍ॅड-अवेअर’ आणि ‘स्पायबॉट’ ही हेरशोधक साधने घराघरांत पोचली. २००४ मध्ये अमेरिकेत घरोघरी जाऊन संगणकांची तपासणी करण्यात आली, तेव्हा सुमारे ८० टक्के संगणकांत हेर-आज्ञावल्या सापडल्या. आणि त्या आपल्या घरात आहेत याची बहुसंख्य मालकांना वार्ताही नव्हती.

हेर नेहमी गुन्हेगारांच्याच टोळीतून येतो, असे मात्र नाही. २००५ मध्ये मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने उघडकीस आणले की, सोनी बीएमजी या प्रतिष्ठित कंपनीच्या काही संगीत-तबकड्या संगणकात घातल्या असता एक आज्ञावली गुपचूप बसते आणि स्वतःला संगणकाच्या नजरेआड करते. नकला रोखणे हा कंपनीचा हेतू होता. पण तिने केलेली ही लपण्याची जागा इतर दुष्ट आज्ञावल्यांनाही उपयोगी पडू लागली, आणि अखेरीस कंपनीला त्या तबकड्या परत घ्याव्या लागल्या. नाव मोठे म्हणून वर्तन स्वच्छ असे गृहीत धरता येत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

पहारेकरी हेराला कसा ओळखतो?

संरक्षक आज्ञावली काय करते हे समजले, तर तिची निवड पुष्कळ सोपी होते. तिची सर्वांत जुनी पद्धत पोलिसांच्या ठसे-नोंदवहीसारखी आहे. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय सुरू झाले. तेथे सापडलेला ठसा नोंदीतील ठशांशी ताडून पाहत. संरक्षक आज्ञावलीही ज्ञात हेरांच्या खुणांची सूची जवळ बाळगते आणि प्रत्येक धारिका तिच्याशी ताडून पाहते. ही पद्धत अचूक आहे, पण तिची मर्यादा उघड आहे : ज्याने पूर्वी कधी गुन्हा केला नाही, त्याचा ठसा नोंदवहीत नसतो. शिवाय हेर लिहिणारे आज्ञावलीचे रूप थोडे बदलून रोज नवा ठसा निर्माण करू शकतात.

म्हणून दुसरी पद्धत वर्तनावर लक्ष ठेवते. एखादे चित्र पाहण्यासाठी म्हणून आणलेली आज्ञावली पासवर्डांच्या कोठाराकडे का वळते? हिशेबाचे कोष्टक उघडताच आज्ञांची खिडकी का उघडते? अशा विसंगती दिसल्या की पहारेकरी तिला अडवितो. तिसऱ्या पद्धतीत संशयास्पद आज्ञावली एका बंदिस्त, कृत्रिम खोलीत चालवून पाहिली जाते. चौथ्या पद्धतीत अनोळखी धारिकेची खूण, प्रसंगी ती धारिकाच, कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे पाठविली जाते आणि तेथून तिचा निर्णय येतो. आजचे सर्व चांगले पहारेकरी या चारही पद्धती एकत्र वापरतात. त्यामुळे ‘अँटिव्हायरस’ वेगळा आणि ‘अँटिस्पायवेअर’ वेगळा, हा जुना भेद आता उरलेला नाही. केवळ हेरांसाठी म्हणून दुसरी आज्ञावली विकत घेण्याचे कारण नाही.

या वर्णनातून एक गोष्ट ध्यानात येईल, आणि निवडीचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. पहारा देण्यासाठी पहारेकऱ्याला प्रत्येक धारिका उघडून पाहावी लागते, प्रत्येक संकेतस्थळाची चौकशी करावी लागते, संगणकाच्या गाभ्यात बसावे लागते आणि बाहेर माहिती पाठवावी लागते. हेरालाही नेमके हेच अधिकार हवे असतात. दोघांची सामर्थ्ये सारखीच. फरक केवळ हेतूचा आणि सचोटीचा. म्हणूनच पहारेकरी निवडणे हा केवळ वस्तू विकत घेण्याचा व्यवहार नव्हे. घराच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या, याचा तो निर्णय होय.

खोटे पहारेकरी

या निर्णयाचा गैरफायदा घेणारे लवकरच पुढे आले. २००५ च्या सुमारास महाजालावर फिरताना अकस्मात एक खिडकी उघडे : ‘आपला संगणक धोक्यात आहे.’ त्यानंतर तपासणीचा देखावा चाले, शेकडो दोष सापडल्याची यादी झळके आणि ते दूर करण्यासाठी पैसे भरावयास सांगितले जाई. प्रत्यक्षात तपासणी झालेलीच नसे. ‘विनफिक्सर’ हे अशा बनावट आज्ञावल्यांपैकी एक कुप्रसिद्ध नाव. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या व्यवसायामागील कंपन्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले असल्याचे आयोगाचे म्हणणे होते.

ही युक्ती आजही रूपे बदलून वावरते. कधी पडदा व्यापून टाकणारी सूचना आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक असतो. कधी ‘आपण माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगणारे पान येते, आणि कळफलकावरील विंडोजची कळ व ‘आर’ची कळ एकदम दाबून तेथे काही मजकूर चिकटवावयास सांगते. तो मजकूर म्हणजे हेराला आत घेण्याची आज्ञा असते. लुम्माचा प्रसार या मार्गानेही झाला. येथे दार घरमालकाच्याच हाताने उघडले जाते, म्हणून पहारेकऱ्याचे बळ थिटे पडू शकते. नियम साधा आहे : जी सूचना आपण होऊन पडद्यावर येते आणि घाई करावयास लावते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. संरक्षक आज्ञावली नेहमी तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पत्ता टंकून, किंवा ओळखीच्या दुकानातूनच घ्यावी.

खऱ्या पहारेकऱ्यांचीही परीक्षा

प्रामाणिक कंपन्यांच्या बाबतीतही डोळे मिटून चालत नाही. ‘अ‍ॅव्हास्ट’ हा जगभर फुकट मिळणारा आणि कोट्यवधी लोकांनी वापरलेला पहारेकरी. त्याने गोळा केलेली वापरकर्त्यांच्या संचाराची माहिती ‘जंपशॉट’ ही त्याची उपकंपनी इतरांना विकते, असे जानेवारी २०२० मध्ये वृत्तपत्रीय शोधातून बाहेर आले, आणि त्याच महिन्यात ती उपकंपनी बंद करण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये संघीय व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलरांची भरपाई ठरविली आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकण्यास मनाई केली. टेहळणीपासून संरक्षण देऊ म्हणणाऱ्यानेच टेहळणीचा माल विकावा, याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पहारेकऱ्याचा दूतही वाटेत गाठला जाऊ शकतो. संरक्षक आज्ञावली रोज नव्या नोंदी मागविते. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीच्या ‘ईस्कॅन’ या आज्ञावलीच्या नोंदी साध्या, असंरक्षित मार्गाने येत असत. काही हल्लेखोरांनी वाटेतच त्या बदलून त्यांच्याबरोबर आपली आज्ञावली आत पाठविल्याचे एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर कंपनीने हा दोष दुरुस्त केला होता. हे छिद्र शोधून ईस्कॅनला कळविणारी कंपनी होती अ‍ॅव्हास्ट! एकाच संस्थेच्या वाट्याला दोष आणि श्रेय दोन्ही येऊ शकतात, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

राजकारणाचीही छाया या निवडीवर पडते. रशियातील कॅस्परस्की कंपनीच्या आज्ञावलीची विक्री जून २०२४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून बंद केली. कंपनीने आरोप नाकारले, पण तिला तेथून निघावे लागले. त्यानंतर अनेक अमेरिकन ग्राहकांच्या संगणकांवर तिच्या जागी एक निराळीच आज्ञावली आपोआप येऊन बसली. नेमलेला पहारेकरी रातोरात बदलू शकतो, हे त्या ग्राहकांना तेव्हा उमगले.

शेवटी, साधी चूकही महाग पडते. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी कंपनीच्या एका सदोष नोंदीने विंडोज एक्सपीमधील एका आवश्यक धारिकेलाच विषाणू ठरविले आणि असंख्य संगणक बंद पडले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष नोंदीमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. ती आज्ञावली घरगुती नव्हती, तरी धडा घरासाठीही तोच आहे. जो गाभ्यात बसतो, त्याची चूक गाभ्यालाच लागते.

भारतातील पहारेकरी

या व्यवसायात भारतीयांचा वाटा लहान नाही. चेन्नई येथे जे. केशववर्धनन् यांनी १९९१ मध्ये ‘के सेव्हन कॉम्प्युटिंग’ ही कंपनी स्थापन केली. तिचे तंत्र पुढे जपानच्या बाजारपेठेतही पोचले. त्याच सुमारास पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि तत्सम यंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत होते. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांतील बिघाडाचे कारण पुष्कळदा विषाणू हेच असे. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी. त्यांनी विषाणू काढून टाकणारी साधने लिहिली, आणि त्या साधनांतून ‘क्विक हील’ ही आज्ञावली जन्मास आली. १९९५ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने कंपनीची नोंदणी झाली. २००७ मध्ये तिने ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हे नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले. दुरुस्तीच्या बाकावरून उद्योग कसा उभा राहतो, याचे हे मराठी उदाहरण उल्लेखनीय आहे.

स्वदेशी कंपनीचे दोन लाभ असतात. अडचण आल्यास जवळपास दाद मागता येते, आणि आपल्याकडील फसवणुकीच्या तऱ्हा तिला लवकर कळतात. पण स्वदेशी असणे हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. ईस्कॅनच्या प्रकरणाने हे दाखविलेच आहे.

शासनानेही काही व्यवस्था केली आहे. संगणक-सुरक्षेसाठी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था काम करते. तिच्या वतीने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने दुष्ट आज्ञावल्या शोधून काढण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली, आणि या कामी भारतीय संरक्षक कंपन्यांचे सहकार्य घेतले. चेन्नईच्याच सी-डॅक संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. विंडोजला लक्ष्य करणाऱ्या बहुतेक हेरांचे तेथे काही चालत नाही, हा तिचा एक आनुषंगिक लाभ होय.

निवड कशी करावी?

आता मूळ प्रश्नाकडे वळणे शक्य आहे. पहिली पायरी म्हणजे संगणकात आधीच असलेले कुलूप तपासणे. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस ‘जायंट’ नावाची हेरशोधक आज्ञावली बनविणारी कंपनी विकत घेतली. तिच्यापासून ‘विंडोज डिफेंडर’ निर्माण झाला, आणि २०१२ मध्ये आलेल्या ‘विंडोज ८’ पासून तो पूर्ण संरक्षक म्हणून संगणकाबरोबरच येऊ लागला. अ‍ॅपलच्या संगणकांतही तशीच अंतर्गत व्यवस्था आहे. कार्यप्रणाली अद्ययावत असेल, आज्ञावल्या अधिकृत असतील आणि वापरणारे सावध असतील, तर सामान्य कुटुंबाला हे अंतर्गत संरक्षण पुरेसे ठरते. अन्य पहारेकरी नेमला नाही म्हणून भीती बाळगण्याचे कारण नाही.

वेगळी आज्ञावली घेण्यास सबळ कारण असू शकते. घरात लहान मुले असून त्यांच्या वापरावर मर्यादा घालावयाची असेल, पाच-सहा यंत्रांची देखरेख एकाच ठिकाणाहून करावयाची असेल, किंवा अडचणीच्या वेळी दूरध्वनीवर मराठीत वा हिंदीत बोलणारा माणूस हवा असेल, तर पैसे खर्च करणे योग्य ठरेल. मात्र पुढील कसोट्या लावाव्यात.

एक, स्वतंत्र परीक्षण. जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज’ या संस्था ठरावीक काळाने आज्ञावल्यांची चाचणी घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, संगणकाच्या गतीवरील परिणाम आणि वापरातील सुलभता या तीन विषयांत प्रत्येकी सहा गुण देते. एकाच निकालावर जाऊ नये; वर्ष-दोन वर्षांतील सातत्य पाहावे. पहिल्या काही क्रमांकांतील फरक बहुधा नगण्य असतो.

दोन, खोटी हाकाटी. निर्दोष धारिकेला वारंवार चोर ठरविणारा पहारेकरी निरुपयोगी असतो. मालक कंटाळून त्याच्या सूचना वाचणेच सोडून देतो, आणि मग खरी सूचनाही वाया जाते.

तीन, माहितीविषयीचे धोरण. कंपनी काय गोळा करते, कोठे ठेवते, कोणाला देते, हे तिच्या गोपनीयतेच्या निवेदनात पाहावे, आणि जेथे नकाराची सोय असेल तेथे नकार द्यावा. आज्ञावली फुकट असेल, तर तिचा खर्च कसा निघतो हा प्रश्न अवश्य विचारावा. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या निर्णयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. हक्क कागदावर असला तरी संमतीच्या खिडकीवर बोट आपलेच असते.

चार, नूतनीकरणाच्या अटी. पहिल्या वर्षीचा अल्प दर पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षीचा दर आणि खात्यातून आपोआप पैसे वळते करून घेण्याची अट वाचावी. मुदत संपलेला पहारेकरी जुन्या नोंदवहीसह बसून राहतो आणि सुरक्षेचा केवळ आभास निर्माण करतो.

पाच, एकच पहारेकरी. सतत पहारा देणाऱ्या दोन आज्ञावल्या एकाच वेळी ठेवू नयेत. त्या एकमेकींवरच संशय घेतात आणि संगणक मंदावतो. पहारा खरोखर चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘आयकार’ संस्थेची निरुपद्रवी चाचणी-धारिका मिळते. तिच्यात केवळ ६८ अक्षरे असतात. ती उघडताच चांगल्या पहारेकऱ्याने हाक दिली पाहिजे.

आज्ञावलीच्या पलीकडे

सर्वोत्तम पहारेकरीही घराच्या सवयींना पर्याय ठरत नाही. कार्यप्रणालीच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हापासून सुरक्षा-सुधारणांची वेगळी सोय न केलेला त्या प्रणालीचा संगणक, त्यावर कोणतीही संरक्षक आज्ञावली असली तरी, जुन्या भिंतीसारखा आहे. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे आणि प्रशासकाचे खाते वेगळे ठेवावे. मग आत शिरलेल्या हेरालाही अधिकार मर्यादितच मिळतात. महागडी आज्ञावली फुकट मिळवून देणाऱ्या चोरट्या प्रती हा हेरांचा आवडता मार्ग होय. तेथे वाचलेल्या पैशापेक्षा गेलेला पासवर्ड महाग पडतो. बँक आणि टपाल यांच्या खात्यांना पासवर्डाखेरीज दुसरी ओळख अवश्य जोडावी.

संशय आलाच, तर संगणक प्रथम महाजालापासून तोडावा. पूर्ण तपासणी करावी. शक्य असल्यास ती कार्यप्रणाली सुरू होण्याआधी करण्याची सोय वापरावी, कारण तेव्हा हेराला लपावयास जागा नसते. पासवर्ड बदलावेत, पण दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. त्याच संगणकावरून बदलल्यास नवा पासवर्डही हेराच्याच हाती जातो. सर्व खात्यांतील चालू सत्रे बंद करावीत. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून दुष्ट आज्ञावली घुसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अपराध असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

घरातील माणसानेच हेर बसविला असेल, तर मात्र ही क्रमवारी बदलते. पती, प्रियकर किंवा नातेवाईक यांनी पाळतीसाठी बसविलेल्या आज्ञावल्यांना बऱ्याच संरक्षक कंपन्या दीर्घकाळ ‘विषाणू नव्हे’ असे सौम्य नाव देत असत. २०१९ मध्ये काही कंपन्या आणि पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्था यांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध आघाडी उभारली, आणि स्पष्ट इशारा देण्याची प्रथा वाढली. तरीही अशी आज्ञावली घाईने काढून टाकू नये. ती नाहीशी होताच पाळत ठेवणाऱ्याला ते कळते, आणि धोका संगणकातून घरात उतरतो. शिवाय पुरावाही नष्ट होतो. अशा वेळी दुसऱ्या कोणाच्या यंत्रावरून किंवा दूरध्वनीवरून विश्वासू माणसाशी, महिलांसाठीच्या १८१ या साहाय्य क्रमांकाशी अथवा पोलिसांशी आधी संपर्क साधावा. संगणकाची स्वच्छता त्यानंतर.

अशा प्रसंगी स्पष्ट दिसते की, संगणकाच्या संरक्षणाचा प्रश्न यंत्राचा जितका आहे तितकाच माणसांमधील विश्वासाचा आहे. कोणती आज्ञावली किती हेर पकडते, हे परीक्षणसंस्था मोजून सांगू शकतात. आपली पत्रे, हिशेब आणि छायाचित्रे पाहण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हे मात्र ज्याच्या त्याच्या घराने ठरवावयाचे आहे. तो निर्णय एकदाच करून भागत नाही. कंपन्या विकल्या जातात, धोरणे बदलतात, जुन्या प्रणालींचे आयुष्य संपते. वर्षातून एकदा, नूतनीकरणाची तारीख येते तेव्हा, घरातील सर्वांनी बसून या किल्ल्या कोणाकडे आहेत याची उजळणी करणे इष्ट ठरेल.